डाव्या डोळ्याचा निळा

आईच्या खोलीसाठी दोन रंग पुढे आले होते. ते दोन नुसते शेजारी मांडून ठेवले असते, तरी आमच्या घरातल्या माणसांची पुरेशी ओळख झाली असती. दादा आणि वहिनी यांचा रंग बदामी होता. इतका सौम्य, की त्याच्याविरुद्ध कोणाला काही बोलता येऊ नये आणि खोलीबाहेर पडल्यावर तो कोणाच्या लक्षातही राहू नये. माझा रंग गडद निळा होता, आणि तो मी का निवडला याची कारणे मी इतकी जमवली होती, की पहिल्याच कारणाला दादाला जांभई आली. रंगकंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक चौकोनाखाली थोडे गद्य छापलेले होते. बदामी रंग ज्येष्ठांच्या मनाला मायेची ऊब देतो. निळा रंग मनस्वी माणसांना स्वतःची भेट घडवतो. मी पोटापाण्यासाठी ज्ञानमीमांसा शिकवते, म्हणजे आपल्याला जे कळते ते कशावरून कळते, हा प्रश्न तरुण मुलांना वर्षानुवर्षे विचारते. एकाही तत्त्वज्ञाने इतक्या कमी जागेत इतके ठाम विधान केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आई दिवाणखान्यात काळा चष्मा लावून बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या आठवड्यातली होती आणि ती पुढे ढकलण्यासारखी नव्हती. डाव्यातला मोतीबिंदू पिकून कडक झाला आहे, आणखी थांबाल तर तो काढताना डोळाच गमावण्याची वेळ येईल, असे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले होते. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या दिवसांत तिची खोली रंगवून घ्यावी, ही कल्पना वहिनीची. वहिनी औषधांचे दुकान चालवते, आणि मोकळा वेळ तिला उघड्या राहिलेल्या बाटलीसारखा दिसतो; झाकण लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

दादाने पुस्तिका आईच्या मांडीवर ठेवली. "यातला कुठला ते सांग. दोनच आहेत, गोंधळ नको."

आईने पुस्तिका न उघडताच परत दिली. "हा रंग नव्हे, ही शाई. भिंतीवर लावून दाखवा."

"अगं, एकदा चौकोन तरी बघ."

"एवढ्याशा चौकोनावरून तू हे घर घेतलं होतंस का?"

"नकाशावरून घेतलं होतं," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "म्हणूनच तर न्हाणीघराचं दार अर्धंच उघडतं."

रंग भिंतीवरच दाखवा, असे बजावण्याचा आईला अधिकार होता. कापड रंगवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ती रंगजुळणी खात्याची प्रमुख होती. गिऱ्हाईक हव्या त्या रंगाचा तुकडा पाठवी. त्याबरहुकूम कापड रंगून आले की आई दोन्ही तुकडे कडेला कड लावून खिडकीच्या उजेडात धरी. जोड दिसली तर माल परत. दिसली नाही तर पास. खात्यात यंत्रही होते, पण यंत्राचा आणि आईचा मतभेद झाला तर यंत्र दुरुस्तीला जात असे. कामावर ती राखाडीखेरीज काही घालत नसे, कारण अंगावरचा रंग नजरेत उतरतो. आणि कोणत्याही तुकड्याकडे ती एका श्वासापेक्षा जास्त वेळ पाहत नसे, कारण नजर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, लाचखाऊ असते. जो जास्त वेळ समोर बसेल त्याच्या बाजूची होते. ती त्या कारखान्यातून कशी बाहेर पडली, हा विषय आमच्या घरात कोणी काढत नसे.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. उंच, घाईतला, एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्या कानाला फोन. त्याने पांढऱ्या भिंतीच्या मधोमध हातभर रुंदीचे दोन पट्टे मारले, एक बदामी आणि एक निळा, आणि मोहीम फत्ते केल्याच्या थाटात बाजूला झाला.

"बघा मावशी."

"मावशी तुझ्या घरी. मला बाई म्हण. आणि हे काय केलंस?"

"सॅम्पल मारलं, बाई."

"सॅम्पल नव्हे, दोघांचं भांडण लावलंस. निळ्याच्या मांडीला मांडी लावून बसवलास तर कुणीही पिवळा पडेल. वर आजूबाजूला सगळं पांढरं. एवढ्या पांढऱ्यात निळा काळाच दिसणार. अर्धी खोली ह्याची कर, अर्धी त्याची कर. पार छतापर्यंत."

"म्हणजे निम्मी खोली परत रंगवायची?"

"तुझ्या हाताला दुसरं काय काम आहे?"

रंगाऱ्याने दादाकडे पाहिले. दादा उद्वाहनांची देखभाल करतो. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलण्याची त्याला सवय आहे. "मारा," तो म्हणाला, आणि मग हळूच माझ्याकडे वळून, "मला तिचं फक्त नाक मिळालंय. बाकीचं सगळं तुझ्याकडे गेलंय, पंडित."

दोन्ही रंग वाळल्यावर आईने खोलीच्या मध्यभागी स्टूल ठेवायला लावले, जिथे बदामी आणि निळा एका कोपऱ्यात भेटत होते त्याच्या बरोबर समोर. काळा चष्मा काढला. पाहिले. मग, का कोण जाणे, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून पाहिले. मग तळवा डाव्यावर नेला. मग पुन्हा उजव्यावर.

"दिवा कोणी लावला?"

"कोणीच नाही."

"थांबा." तिने पुन्हा हात बदलला. "उजव्यानं हा बदामी आहे. डाव्यानं बदामी नाहीच. नुसती भिंत आहे. छत आणि भिंत एकच."

"आणि निळा?" मी विचारले.

"उजव्यानं निळा. तुझ्या हट्टासारखा घट्ट निळा. डाव्यानं..." ती शब्द शोधू लागली. रंगासाठी शब्द शोधताना मी तिला आयुष्यात कधी पाहिले नव्हते. "डाव्यानं गढूळ. हिरवट. टाकीच्या तळाशी पाणी साचून राहतं ना, तसा."

दादा, वहिनी, मी आणि रंगारी, आम्ही चौघांनीही एकेक डोळा झाकला. चौघांनाही काहीच वेगळे दिसले नाही. रंग वस्तूत असतो की डोळ्यात, या वादावर मी आयुष्यभरात जेवढी पाने वाचली तेवढ्यांनी ही खोली छतापर्यंत भरली असती. ती लिहिणाऱ्या सर्व विद्वानांचे दोन्ही डोळे, दुर्दैवाने, एकसारखे असावेत.

आई मात्र आता थांबणार नव्हती. "दूध आण," ती वहिनीला म्हणाली. वहिनीने पेला आणला.

"उजव्यानं दूध. डाव्यानं चहा."

"साखर कमी का जास्त?" दादाने विचारले.

"टोमॅटो आण. गाजर आण. ह्याचे मोजे आण."

"मोजे दोन्ही डोळ्यांनी सारखेच दिसतील, आई," वहिनी म्हणाली. "ते वासानंच ओळखू येतात."

टोमॅटो दोन्ही डोळ्यांना जवळपास एकच निघाला. गाजरही. मोजे करडे असल्याचे उजव्याने जाहीर केले. डाव्याने त्यांना खाकी ठरवले. रंगारी रोलर बाजूला ठेवून, उकिडवा बसून, पुढे काय येते याची वाट पाहू लागला. सगळ्यांनाच मजा येत होती, आणि सर्वांत जास्त आईला. ती निकाल देत होती. भराभर, एका श्वासात एक, खात्यात द्यायची तसा. एवढी उत्सुक, एवढी हुशारीने टवटवीत ती कारखाना सोडल्यापासून दिसली नव्हती.

मग वहिनीने आपल्या पिशवीतून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या आणि शेजारीशेजारी धरल्या. "आणि ह्या?"

आईने उजवा डोळा झाकलेला होता. "ह्या काय दोन-दोन दाखवतेस? एकच औषध आहे."

"एकच नाही हो. नीट बघा."

"परत धर," आई म्हणाली. मग तिने हात बदलला. आणि या वेळी तिने एका श्वासाचा नियम मोडला. "एक निळी आहे," ती सावकाश म्हणाली. "एक जांभळी."

खोलीतला खेळ तिथे संपला. तिने काळा चष्मा चढवला, स्टुलावरून उठली आणि दारापाशी जाऊन म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. डावा डोळा करायचा नाही."

दिवाणखान्यात दादाने तिला तेच तेच चार प्रकारे सांगून पाहिले. डोळा कायमचा जाईल. मोतीबिंदू दगड होत चाललाय. तुला एका डोळ्यानं जिना कसा उतरता येईल? शेवटी त्याचा लिफ्टवाला आवाजही चढला. "आई, तू डोळा घालवशील!"

"माझा आहे. मी घालवीन."

वहिनीने तारीख फक्त थोडी पुढे घ्यायची का विचारले. आईने नकारार्थी मान हलवली. कारण मात्र सांगेना. मला ते कळले होते, आणि ते समजण्यासाठी कारखान्यातला तो शेवटचा प्रसंग सांगणे भाग आहे.

एका मोठ्या हॉटेलाने आपल्या नोकरवर्गाच्या गणवेशासाठी निळ्या रंगाचा तुकडा पाठवला होता. कोटांचे कापड आधी रंगले, ते नमुन्याबरहुकूम होते; विजारींचे मागाहून रंगले. विजारींचे कापड आईने नमुन्याशी लावून पाहिले, जोड दिसली नाही, पास केले. कपडे शिवून अंगावर चढले, आणि हॉटेलच्या दारात उभा राहणारा प्रत्येक माणूस कमरेपाशी जोडल्यासारखा दिसू लागला: वर एक निळा, खाली दुसरा. चौकशी बसली. तीन सभ्य गृहस्थांनी नमुन्याचा आणि विजारींचा असे दोन्ही तुकडे खिडकीत धरून आईला पुन्हा पाहायला सांगितले. आईने पाहिले आणि म्हणाली, "एकच आहेत. तुम्ही तिघं आंधळे आहात."

त्या तिघांनी मग जे अनुमान काढले ते मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिते, अर्थात त्यांचा उल्लेख न करता. या बाईंची नजर चुकू शकत नाही, हे सर्वमान्य आहे. या बाईंनी चुकीचा माल सोडला, हे उघड आहे. तस्मात् त्यांनी तो जाणूनबुजून सोडला, रंगखात्यातल्या कोणाला तरी वाचवण्यासाठी. कौतुकातून आरोप तयार करण्याची यापेक्षा स्वच्छ रीत मला माहीत नाही. माणसाचे डोळे म्हातारे होतात, ही गोष्ट त्या तिघांपैकी दोघे चष्म्यातून एकमेकांकडे पाहत असतानाही कोणाला सुचली नाही. आईला सुचली असती तर तिने ती फेटाळली असती, हेही खरे. चूक कबूल करून तिला निरोपसमारंभासह घरी जाता आले असते. तिने 'एकच आहेत' हे वाक्य बदलले नाही, आणि खोटारडी म्हणून घरी आली.

"तुकडे आहेत ना तुझ्याकडे?" मी तिला विचारले.

तिने काळा चष्मा नीट बसवला. मग म्हणाली, "कपाटात. लोकरीच्या कपड्यांखाली."

वहिनीने ते आणले. एका पुठ्ठ्यावर वर नमुन्याचा तुकडा, खाली विजारींचा, मध्ये कडेला कड. आई ते घेऊन खिडकीशी गेली. चष्मा काढून तिने प्रथम उजवा डोळा झाकला.

"एक," ती म्हणाली.

मग डावा झाकला. आम्ही तिघे मागे उभे होतो आणि आम्हा तिघांना काय दिसत होते ते आम्हाला इतकी वर्षे माहीत होते. फक्त तिच्यासमोर कधी कोणी म्हटले नव्हते.

"दोन आहेत," आई म्हणाली. "वरचा जांभळ्याकडे झुकलाय, खालचा हिरव्याकडे. हे कुणालाही दिसेल. शिपायालाही दिसेल."

"म्हणजे ते लोक बरोबर होते," दादा म्हणाला. वेळेचे भान त्याला जन्मतःच मिळालेले नाही.

"कापडाबाबत बरोबर होते," आई म्हणाली. "माझ्याबाबत नव्हते." ती चष्मा चढवून खुर्चीत बसली आणि पुठ्ठा पालथा करून मांडीवर ठेवला. "आता हाही डोळा धुऊन स्वच्छ केलात की मलाही त्यांच्यासारखंच दिसणार. दोन तुकडे, उघडी जोड. मग मी तेव्हा खरं बोलत होते, हे कुणाला ठाऊक राहील?"

"आम्हाला ठाऊक आहे की, आई," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक नाही. तुमचा विश्वास आहे. ते निराळं."

या एका फरकावर मी दर वर्षी अर्धे सत्र घालवते.

"मलासुद्धा ठाऊक राहणार नाही," ती पुढे म्हणाली. "चार वर्षांनी मलाच वाटायला लागेल, की बाई, दिसत असेल तुला. हट्टानं बोललीस. आज निदान हा डोळा झाकला, तो उघडला, की कळतं. सगळ्या जगात एवढा एकच साक्षीदार आहे, आणि तो तुम्ही कापून काढायला निघालात."

दादा काही बोलणार होता. वहिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला. मी मात्र तिच्या समोर जमिनीवर बसले, कारण मला आता राग आणि कुतूहल यांतले कुतूहल जास्त होते.

"आई, डाव्याला जे दिसतं ते उजव्याला दाखवता येईल?"

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक तुकडा पाठवायचं, तू त्याला जोड लावायचीस. आता गिऱ्हाईक डावा डोळा आहे. त्याला जे दिसतंय, तसा रंग बनव. उजव्या डोळ्याला तस्साच दिसेल असा. उजवा डोळा आमच्यासारखा आहे. त्याला जे दिसेल ते आम्हालाही दिसेल."

आईने काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आईपणाचा भाग हळूहळू मावळला आणि खातेप्रमुख येऊन बसली.

"मध्ये पडदा लागेल," ती म्हणाली. "नाकावर. राखाडी."

दादाने जाड पुठ्ठा कापून राखाडी रंगवला, खाली नाकासाठी खाच ठेवली. रंगाऱ्याला बाकीचे काम थांबवायला सांगितले, तेव्हा त्याने एवढेच विचारले की आता बाई तिसरा रंग आणणार आहेत का. "तिसरा नाही," दादा म्हणाला. "डोळ्याच्या आतला दाखवणार आहेत." रंगाऱ्याने मान डोलावली, अशा घरांतही त्याने काम केले असावे.

अट माझी होती. एका वेळी एकच तुकडा उघडा ठेवायचा, दुसरा झाकायचा, आणि पहिला कोणता ते आईला सांगायचे नाही.

"माझ्यावर विश्वास नाही?" आईने विचारले.

"आहे. म्हणूनच."

ती हसली. "खात्यात घेतलं असतं तुला."

मग खिडकीसमोर, काळा चष्मा काढून, नाकावर पुठ्ठा उभा धरून, माझी आई बसली. डाव्या डोळ्यापुढे कापड, उजव्यापुढे रंगाऱ्याच्या हातातली फळी. पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनरच्या, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याच्या, बाटल्यांतून थेंब पडू लागले.

"काळा. थेंब म्हटलं, धार नाही. पुरे. पिवळा. अजून. आता हिरवा टाक, पण बाटली तिरकी कर, उलटी नको करूस. ढवळ. फळीवर लाव. नाही. अजून मेलेला हवा."

"मेलेला म्हणजे कसा, बाई?"

"तांबडा घाल थोडा, मरेल आपोआप."

"बाई, असला रंग कुणी मागत नाही."

"मी मागत नाहीये. आहे तो दाखवतेय."

ती एक श्वास पाही, मग डोळे मिटून मान वळवी, मग पुन्हा एक श्वास. दादा दारात चहा घेऊन आला आणि तो निवेपर्यंत तसाच उभा राहिला. शेवटी आईने पुठ्ठा नाकावरून काढला. "हा. लाव भिंतीवर."

भिंतीवर जे ठिगळ उमटले ते कुरूप होते. हिरवट, मातकट, कुठलाच निश्चय नसलेले. वहिनीने ते पाहून तोंडावर हात ठेवला. "अगंबाई. असं दिसतं तुम्हाला?"

"त्याला," आईने डाव्या डोळ्याकडे बोट केले. "पण एक सांगते. दोन्ही डोळे असेच होते तेव्हा मला हा निळाच वाटायचा. चांगला, भारदस्त निळा. गढूळ तो आत्ता वाटतोय, शेजारी उजवा आहे म्हणून. तेव्हा रंगाकडे लक्ष देऊ नका. जोडीकडे द्या. दुसरा तुकडा लाव."

दुसऱ्यासाठी तिने नवा डबा उघडायला लावला, पुन्हा पांढऱ्यापासून. पुन्हा काळा, पिवळा, हिरवा, पुन्हा मेलेला, पुन्हा मान वळवून एक श्वास. रंगाऱ्याने दुसरे ठिगळ पहिल्याला कड भिडवून मारले. ते वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग दादा जवळ गेला. वहिनी गेली. मी खिडकीच्या बाजूने पाहिले, मग दाराच्या बाजूने.

"जोड कुठाय?" दादाने विचारले.

रंगाऱ्याने बोटांची टोके भिंतीवरून फिरवली. "इथं. हाताला लागतेय कड." त्याने मान तिरकी केली. "डोळ्याला नाही लागत."

मी कापडे उघडी केली. पहिला तुकडा विजारींचा होता, दुसरा नमुन्याचा. आम्हा चौघांच्या समोर दोन वेगळे निळे, आणि भिंतीवर त्या दोन निळ्यांचा एक सलग चिखल. ज्या तिघा गृहस्थांना हे दाखवायचे ते मानाने निवृत्त झालेले होते आणि कारखान्याच्या जागी आता वाहनतळ होता. माझ्या मनात एक लेख तयार होत होता, अत्यंत सभ्य भाषेतला, जो वाचून त्यांना पुन्हा कधी आरशात पाहावेसे वाटू नये. आणि नेमक्या त्याच क्षणी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, माझ्या तोंडून निघाले: "पण आई, तेव्हाचा मोतीबिंदू इतका पिकलेला नव्हता. आज एक दिसतात म्हणून तेव्हाही एक दिसत होते, असं सिद्ध होत नाही."

"अहो ताई!" वहिनी ओरडली.

"बोलू दे तिला," आई म्हणाली. "बरोबर बोलतेय. तेव्हा कमी होता. म्हणून तर फसले. एवढा असता तर मलाच कळलं असतं की काहीतरी बिघडलंय. अगदी थोडा होता. बाकी सगळं नीट दिसायचं. तेवढा एक जांभळा गेला होता, आणि जो दिसत नाही तो गेलाय हे कसं कळणार?" तिने ठिगळावरून हात फिरवला, कड सापडेपर्यंत. "अर्धा पुरावा आहे हा. चालेल. त्यांनी तर मागितलाच नव्हता."

"मग त्या लोकांना कळवायचं का?" दादाने विचारले.

"त्यांना कशाला? मला बघायचं होतं. बघितलं." ती स्टुलावरून उठली. "डॉक्टरांना फोन कर. पूर्वीचीच तारीख ठेवा म्हणावं."

दादा फोन घेऊन इतक्या घाईने बाहेर गेला, की वाटेतला रंगाचा डबा थोडक्यात वाचला.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया कठीण गेली, पण झाली. पट्टी निघाल्यावर घरी येताच आईने चष्म्यासकट आपल्या खोलीत जाऊन ठिगळासमोर स्टूल ओढले. मी दारात थांबले. तिने चष्मा काढला, उजवा डोळा झाकला, मग डावा. मग हात मांडीवर ठेवले.

"आता?" मी विचारले.

"दोन्हीला एकच. तुम्हाला दिसतो तसा." ती पुढे वाकली. "शी. असला माल मी दारात उभा केला नसता."

"वाईट वाटतंय?"

"विचित्र वाटतंय. इतकी वर्षं ह्याच्यात काढली आणि ओळख पटत नाहीये." तिने थोडा वेळ आणखी पाहिले, श्वासांचा हिशेब न ठेवता. "तेव्हाच्या त्या बाईला हे निळं दिसत होतं. आणि ती खरं बोलत होती. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे तुझ्या पुस्तकात आहे का गं?"

"आहे. पण इतकं सोपं नाही लिहिलेलं."

"सोपं लिहायला काय होतं त्यांना?"

तेवढ्यात रंगारी आला आणि एकदाचा कुठला ते सांगा म्हणाला. बाकीची गिऱ्हाइके खोळंबली होती. वहिनी आशेने बदामी अर्ध्याच्या बाजूला उभी राहिली. दादाही, निष्ठेपोटी, तिच्या शेजारी गेला. आईने बदामीला एक श्वास दिला, निळ्याला एक.

"निळा," ती म्हणाली. "पण हिचा नाही. हिच्या निळ्यात काहीतरी कमी आहे."

"काय कमी आहे?" मी जरा दुखावूनच विचारले.

तिने पुठ्ठ्यावरचा वरचा तुकडा, नमुन्याचा, उसवून हातात घेतला होता. तो तिने निळ्या भिंतीला टेकवला, कडेला कड, आणि प्रथमच कोणताही डोळा न झाकता पाहिले.

"डबा उघड," ती रंगाऱ्याला म्हणाली. "जांभळा टाक. अजून. अरे घाबरतोस काय, चांगला दिसतोय मला. अजून टाक."